अठरा फुटांवरचा वूफर

९ फेब्रुवारी

ही वही भक्ती मॅडमनी घ्यायला लावली. त्या परभणीला असतात, अर्धांगाचा झटका आलेल्या माणसांना बोलायला शिकवतात. वयाने माझ्या लेकीएवढ्या, रोहिणीएवढ्या, पण दरारा हेडमास्तरचा. म्हणाल्या, "रोज लिहा. त्यांनी कोणता आवाज काढला, कधी काढला, तेव्हा घरात काय चाललं होतं, सगळं." घ्या! पंधरा वर्षं तिसरीच्या पोरांना गृहपाठ देत आले, आता माझ्याच बोकांडी बसला.

तर लिहिते. १९ डिसेंबरला ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं. नाव विचारलं तर डोळ्यात उत्तर दिसतं, तोंडातून मात्र "त, त, त" एवढंच. मानवतमध्ये टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा माणूस. पाच मिनिटांच्या कामासाठी गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा हाणायचा. मी चिडायची, "सिद्धोधनराव, जेवण थंड झालं, जिभेला आराम द्या जरा!" आता जिभेला आरामच आराम आहे. माझीच मेलीची नजर लागली.

मॅडम म्हणतात पहिले चार महिने सोन्याचे. जे यायचं ते बहुतेक त्यातच येतं, नंतर चाल मंदावते. म्हणजे १९ एप्रिल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्या तारखेला लाल पेनाने गोल केलाय.

१२ फेब्रुवारी

आज गायले! खोटं नाही. गायले!

ह्यांनी आमच्या हॉलमध्ये स्वतःच्या हाताने होम थिएटर बसवलंय. कुणीतरी भंगारात काढलेला रिसिव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं खोकं) जिवंत केला, त्याला पाच स्पीकर आणि ढोलकीचा घुमारा नीट यावा म्हणून एक सबवूफर जोडला. माझ्या सासूबाई मालनबाई गायन पार्टीत गायच्या, सासरे आश्रुबा ढोलकीवर. दोघंही आता नाहीत. त्यांची एक जुनी कॅसेट होती, ती साफ करून ह्यांनी पेन ड्राइव्हवर घेतली. सासूबाईंनीच रचलेलं गाणं, "टोपलं ठेव खाली, पोरी, पाटी घे."

भक्ती मॅडम म्हणाल्या होत्या की ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधीकधी गाता येतं, म्हणून रोज सहाला लावते. आज दुसऱ्या कडव्यानंतर कोरस आला आणि ह्यांच्या तोंडातून निघालं, "...टी घे." सुरात! मी मेथी निवडत होते, जुडी हातातून सुटली.

घरात काय चाललं होतं तेही लिहायचंय. काही नाही. अर्धा हॉल दिवाळीपासून दिराच्या कापसाने भरलाय. बुद्धभूषणचं गावातलं घर लहान, भाव चढेल म्हणून त्याने माल आमच्याकडे आणून टाकला, पार छतापर्यंत. खुर्ची ठेवायला जागा नाही. ह्यांच्या बाजेच्या काठावर बूड टेकवून बसावं लागतं, कंबर मोडून गेली.

२४ फेब्रुवारी

या पंधरवड्यात पाच वेळा "टी घे". काल "पा" सुद्धा निघता निघता राहिला. मॅडम फोनवर एवढ्या खुश झाल्या की मलाच रडू आलं.

कापसाने मात्र जीव नकोसा केलाय. पहाटे उठलं की नाकात कापूस, भाकरीवर कापूस. बुद्धभूषणला म्हटलं, "भाऊजी, ह्यो डोंगर हालवा आता." म्हणतो, "वहिनी, आठ दिस कळ काढा, भाव चढायलाय." चढायलाय म्हणे! त्याचा भाव काय डोंगर चढायला निघालाय का?

२ मार्च

गेला बाई एकदाचा कापूस! टेम्पो भरून गेला. हॉल केवढा मोठा आहे हे विसरलेच होते. झाडला, पुसला, फरशी लखलखीत केली. वूफरच्या कोपऱ्यात माझी वेताची खुर्ची मांडली. चार महिन्यांनी पाठ टेकून बसले. सुख सुख म्हणतात ते हेच.

३ मार्च

माझे हात तोडून टाकावेत असं वाटायलंय.

रिसिव्हरच्या मागे कापसाची पुटं साचली होती. वायरी काढल्या, पुसलं, परत लावल्या. डिस्प्ले लागेना म्हणून दोन-चार बटणं एकदम दाबून धरली. तो लागला, पण आतलं सगळं पुसून बसला. ह्यांनी महिनाभर बसून जुळवलेलं सगळं मी एका सेकंदात साफ केलं.

सहाला गाणं लावलं. सासूबाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. ढोलकी एवढी घुमली की शब्द बुडाले. हे ऐकत राहिले, मग डावा हात उचलून त्या कोपऱ्याकडे बोट केलं. वूफरकडे. त्यांना कळलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. "टी घे" नाही. काहीच नाही.

६ मार्च

देव मानत नाही म्हणून, नाहीतर आज नारळ फोडला असता. दुकानातल्या वहीत ह्यांच्या हातची सेटिंगं सापडली! तारीख १२ डिसेंबर. स्पीकर सगळे "लहान", क्रॉसओव्हर ऐंशी (म्हणजे ऐंशीच्या खालचा जाड आवाज वूफरने वाजवायचा), वूफर अधिक तीन, मधला स्पीकर अधिक दोन. पोरं पाढे उतरवतात तसं एकेक उतरवलं, तीनदा तपासलं.

गाणं लावलं. तेच! घुम्म, घुम्म, घुम्म. आकडे तेच, रिसिव्हर तोच, माणूस तोच, मग आवाज का वेगळा? पुन्हा कोपऱ्याकडे बोट. वूफर दाराजवळ नेला. पुन्हा बोट त्याच कोपऱ्याकडे. म्हणजे परत तिकडे ठेवा म्हणताहेत का? ठेवला. तरी बोट तिकडेच. हे असं किती वेळ चालायचं?

१० मार्च

रिसिव्हरला एक छोटा माइक येतो. तो ऐकायच्या जागी ठेवला की रिसिव्हर एकेका स्पीकरमधून फुस्स-फुस्स आवाज काढतो आणि स्वतःच माप घेतो. घरात चिडीचूप शांतता लागते. शांतता, मानवतमध्ये! पहिल्यांदा भाजीवाला ओरडला. दुसऱ्यांदा शेजारच्या धुरपताबाईंचा कुकर. तिसऱ्यांदा मीच शिंकले.

चौथ्यांदा झालं आणि रिसिव्हरने निकाल दिला. मागचा डावा स्पीकर उलटा जोडलाय. वूफर लय जोरात आहे, मागचं बटण कमी करा. आणि वूफरचं अंतर, अठरा फूट! अरे ढोल्या, खोलीच सोळा फूट लांब. अठरा फुटांवर धुरपताबाईंची न्हाणी येते. टेप लावून मोजलं तर साडेपाच. मी तेच भरलं. तिसरीतला गणपतसुद्धा याच्यापेक्षा बरं मोजतो.

सहाला गाणं. खुर्चीत बसले, रिमोट मांडीवर, वही उघडी. एक ओळ झाली की थांबवायचं, आकडा बदलायचा, परत पहिल्यापासून. ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठसुद्धा हलला नाही.

१५ मार्च

पाथरीहून आदिनाथ आला. ह्यांच्या दुकानात काम शिकला, आता स्वतःचं दुकान आहे, पण ह्यांना अजून उस्ताद म्हणतो. आल्या आल्या ह्यांच्या पायाशी बसला आणि पोरासारखा रडला. मग डोळे पुसून कामाला लागला.

उलटी वायर त्याने सुलटी केली. अंतर पाहून कपाळाला हात लावला. "वहिनी, साडेपाच कुणी भरलं?"

"मी. मोजून भरलंय."

"आवो, वूफरच्या पोटात बी सर्किट आसतंय. आवाज आतमदी थोडा रेंगाळतो, मंग भाईर येतो. रिसिव्हर तेवढं अंतर वाढवून धरतो. टेपनं जवळ हाय, पर आवाजाला लांब हाय. ह्याला हात लावू नका."

मग त्याने माइक स्टँडवर चढवला आणि विचारलं, "कुठं बसून ऐकता?" मी म्हटलं, "या खुर्चीत." तिथे माइक लावून पुन्हा माप घेतलं. आवाज सुधारला, कबूल करते. आदिनाथ म्हणाला, "आता बगा, उस्ताद खूश व्हतील." आम्ही दोघं उस्तादांकडे बघत बसलो. उस्तादांनी कोपऱ्याकडे बोट केलं आणि डोळे मिटले. आदिनाथचं तोंड उतरलं. जेवायलासुद्धा थांबला नाही.

२२ मार्च

रोहिणीचा पुण्याहून फोन. "आई, तो रिसिव्हर बंद कर. साधा ब्लूटूथ स्पीकर पाठवते."

म्हटलं, "तुझे पप्पा ज्या आवाजावर गायले तो आवाज डब्यात मावत नाही."

"बरं. तू त्यांच्याजवळ बसून बोलतेस का पण?"

"बोलायला वेळ कुठाय? सकाळची शाळा, दुपारी स्वयंपाक, सहापासून आवाज दुरुस्त करायलेय ना!"

तिने फोन ठेवला. आजकालच्या पोरींना जीव लावणं म्हणजे नुसतं बोलणं वाटतं. मी इथे राबायलेय ते कुणाला दिसत नाही.

२७ मार्च

लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

आज क्रॉसओव्हर साठ करून पाहिला, शंभर करून पाहिला, वूफरवरचं फेजचं बटण उलटं केलं, सुलटं केलं. तेच गाणं चौदा वेळा. पंधराव्या वेळी ह्यांनी पुन्हा बोट उचललं आणि माझं डोकं फिरलं. वूफरला लाथ मारली. ओरडले, "काय पाहिजे ते सांगा ना एकदाचं! काय करू मी? वूफर हलवू? फोडू? स्वतःला गाडून घेऊ त्या कोपऱ्यात?"

ह्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. पुसलं नाही त्यांनी, ते तसंच कानात गेलं. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. अंगठा सुजलाय. वूफरला काही झालं नाही.

४ एप्रिल

परभणीला नेलं. भक्ती मॅडमनी तासभर घेतला. काही नाही. "फेब्रुवारीत जे आलं होतं तेही मागे गेलंय," म्हणाल्या. शब्द मऊ होते, पण मार पडायचा तो पडलाच. मी सगळं सांगितलं. पुसलं गेलेलं सेटिंग, वहीतले आकडे, अठरा फूट.

त्यांनी विचारलं, "गाणं चालू असताना तुम्ही काय करता?"

"आकडे लिहिते, मॅडम."

त्यांनी पेन उचललं. मग ह्यांच्या फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. काय ते विचारायचा धीर झाला नाही. पंधरा दिवस राहिलेत. येताना एसटीत ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी मनातल्या मनात अधिक तीन, वजा दोन करत होते.

११ एप्रिल

जयंतीची तयारी. चारी गल्ल्यांत डीजे तपासायलेत. माइक लावण्यात अर्थच नाही, भिंतीच थरथरायलेत. दरवर्षी हे डीजेवाले ह्यांच्याकडे यायचे, "भाऊ, वूफर फाटायलाय, बघा जरा." यंदा दोघं आले, दारातून बघून गेले.

मी हरले बहुतेक. आज लाल गोलाकडे बघवलं नाही.

१५ एप्रिल

काल मिरवणूक झाली, आज गाव झोपलेलं. धुरपताबाई ताक घेऊन आल्या. मी शाळेत गेल्यावर सकाळी ह्यांच्यापाशी त्याच बसतात. दारात चप्पल आपटून झटकली आणि म्हणाल्या, "अगं सुकेशनी, तुझ्या घरात आवाज लय घुमायलाय. कापूस व्हता तवा कसं गुपचिप व्हतं. म्या तर मनाशीच म्हणायची, हितं बोललेलं कापूस पिऊन टाकतो."

माझ्या हातातून ताकाचा तांब्या पडायचाच राहिला.

कापूस! टाळी वाजवली. भिंतीवरून परत आली. ह्यांची वही काढली. १२ डिसेंबर. तेव्हा अर्धा हॉल छतापर्यंत कापसाने भरलेला होता! ह्यांनी सगळी सेटिंगं कापसासकट जुळवली होती. २ मार्चला कापूस गेला, ३ मार्चला मी रिसिव्हर पुसला, आणि दीड महिना त्या बिचाऱ्या बटणांना शिव्या देत बसले. ह्यांचं बोट त्या कोपऱ्याकडे! कापसाची जागा दाखवत होते हो, आणि मी बावळट, वूफर ओढत बसले. पोरांना म्हणते, प्रश्न नीट वाचा. स्वतः वाचला नाही.

आदिनाथला फोन लावला. तो ओरडलाच, "उस्तादांचं सेटिंग कापसातलं हाय हे मला कुणी सांगितलंच न्हाई वो! आता कापूस कुठला आणता एप्रिलात? वाकळी आणा, गाद्या आणा. जे जाड आसंल ते कोंबा."

आणखी एक डोक्यात आलं. माइक मी खुर्चीवर लावायला सांगितला. ऐकणारा माणूस बाजेवर आहे. धन्य ती मास्तरीण.

१६ एप्रिल

दारोदार वाकळी मागत फिरले. बेचाळीस डिग्रीत वाकळी! लोक आधी ह्यांची तब्येत विचारायचे, मग माझी. पण दिल्या. थंडीच्या आधी कुणाला लागतात? बुद्धभूषण गावातून सात घेऊन आला, त्यात सासूबाईंनी टाके घातलेली एक. धुरपताबाईंनी तीन दिल्या आणि लेकीच्या रुखवतातली गादीसुद्धा. "डाग पाडलास तर बघ," एवढं बजावलं.

कापूस होता तिथे, तसाच, छतापर्यंत रचला. दोघं घामाने निथळलो. शेवटी खुर्ची काही मावेना. बुद्धभूषणने ती उचलून धुरपताबाईंच्या ओट्यावर ठेवली.

१७ एप्रिल

नीट लिहिते.

दुपारी माइक ह्यांच्या उशीपाशी, कानाच्या उंचीवर लावला. कूलर बंद, पंखा बंद. धुरपताबाईंना कुकर न लावायची शपथ घातली. दोनदा बिनसलं, तिसऱ्यांदा झालं. वूफरचं अंतर पुन्हा अठरा दाखवलं. या वेळी हात लावला नाही.

सहाला गाणं लावलं आणि रिमोट शोधते तर नाही. वाकळी सारख्या करताना कुठल्या तरी थरात गेला होता. आता थांबवणार कसं? वहीसुद्धा स्वयंपाकघरात राहिलेली. मग बसले गुमान बाजेच्या काठावर, पूर्वीसारखी, ह्यांच्या गुडघ्याला पाठ लावून. हात रिकामे. ढोलकी आली. घुमारा नाही, गडगड नाही, सासरे माजघरात बसून वाजवताहेत असं वाटलं. सासूबाईंचा शब्द न् शब्द सुटा. दीड महिन्यात हे गाणं मी एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. कधी गुणगुणायला लागले ते कळलं नाही.

दुसऱ्या कडव्याला पाठीवर काहीतरी लागलं. ह्यांचा डावा हात. ठेका धरत होता. मी वळले नाही, वळले तर थांबेल म्हणून भ्याले. कोरस आला, आणि माझ्या मागून, जड जिभेने, पण सुरात आणि अख्खं:

"पाटी घे."

मग पुन्हा. "पोरी, पाटी घे."

मी किती रडले ते मॅडमना सांगायची गरज नाही. धुरपताबाई आवाज ऐकून धावत आल्या, दारातच थबकल्या आणि आम्हा दोघांकडे बघून पदर तोंडाला लावला.

१९ एप्रिल

लाल गोलाचा दिवस. तीन दिवसांत नऊ वेळा. आज सकाळी गाण्याशिवाय "पाणी" म्हणाले. स्पष्ट. मी एकाऐवजी चार तांबे आणले.

धुरपताबाई म्हणतात, "माझ्या वाकळी न्हेल्या तरी चालंल गं आता. तुला त्यांची गरज न्हाई." आणि हसतात. मी सांगितलं, एकाही वाकळीला हात लावायचा नाही, आवाज बिघडला तर जबाबदार कोण? म्हातारीला ध्वनीतलं काय कळतं! तशाच हसत गेल्या.

भक्ती मॅडमचा फोन झाला. म्हणाल्या, १६ तारखेपासून घरात जे जे बदललं ते बारीकसारीक सगळं लिहून ठेवा, काहीही सोडू नका. म्हणून लिहिते. वाकळी एकवीस, गाद्या सहा. माइक उशीपाशी. मागचा डावा स्पीकर आदिनाथने सुलटा केलेला. क्रॉसओव्हर ऐंशी. वूफर वजा चार, अंतर अठरा फूट. रिमोट अजून सापडलेला नाही. खुर्ची बाहेर आहे, तिला जागा नाही, त्यामुळे मी बाजेवर बसते.

बाकी काही बदललेलं नाही.